जबड्याचं ऑपरेशन करताय? मग नाकाचं आधी विचारून घ्या

जबड्याचं ऑपरेशन ठरलं की पेशंटचे प्रश्न ठरलेले असतात. तोंड किती दिवस बांधून ठेवणार, जेवायचं काय, आवाज बदलेल का, लग्नाच्या आधी सूज उतरेल ना. नाकाबद्दल कोणी म्हणजे कोणी विचारत नाही, कारण ऑपरेशन जबड्याचं आहे, नाकाला कोण हात लावतंय. आणि मग दोनतीन महिन्यांनी सूज ओसरली की तक्रार सुरू होते, डॉक्टर दात मस्त बसलेत पण माझं नाक फेंदारल्यासारखं झालंय, आधी असं नव्हतं हो. मी ऑर्थोडोंटिस्ट आहे, म्हणजे तारा लावणारी. ऑपरेशन मी करत नाही, पण ऑपरेशनच्या आधी वर्षदीड वर्ष आणि नंतरही काही महिने पेशंट आमच्याच खुर्चीत असतो त्यामुळे ही रडारड पहिल्यांदा आमच्याच कानावर येते. यातलं बरंचसं आधी विचारलं असतं तर टळलं असतं किंवा निदान धक्का तरी बसला नसता, म्हणून हे लिहितेय.

आधी तुमचं ऑपरेशन नक्की कुठलं ते फाइलवर बघा

बी-एस-एस-ओ लिहिलं असेल तर खालचा जबडा. ल फोर्ट वन असेल तर वरचा. बायजॉ म्हणजे दोन्ही. जेनिओप्लास्टी म्हणजे फक्त हनुवटी. ए-एम-ओ म्हणजे वरच्या जबड्याचा फक्त पुढचा तुकडा मागे घेणं, दात खूप पुढे आलेल्यांना आपल्याकडे हे बऱ्याचदा सांगतात.

फक्त खालचा जबडा किंवा हनुवटी असेल तर नाकाला खरंच काही होत नाही, मोजलं तर मिलिमीटरचाही फरक नाही. पण दिसायला फरक पडतो. हनुवटी पुढे आली की नाक आपोआप छोटं वाटायला लागतं, आणि ज्यांचा खालचा जबडा पुढे होता तो मागे घेतला की आत्तापर्यंत सगळ्यांची नजर हनुवटीवर जायची ती आता नाकावर जाते, मग घरचे म्हणतात नाक मोठं झालं का गं तुझं. झालेलं नसतं. यावर उपाय एकच, ऑपरेशनच्या आधीचा साइडचा फोटो समोर ठेवायचा.

खरा विषय वरच्या जबड्याचा. ल फोर्ट हा फ्रेंच सर्जन, १९०१ मध्ये त्याने चेहऱ्याचं हाड मार बसल्यावर कुठल्या कुठल्या रेषेत मोडतं ते लिहून ठेवलं, त्यातली सगळ्यात खालची रेषा, दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाणारी, ती आज सर्जन मुद्दाम कापतात. १९६०च्या दशकात झुरिचच्या ह्यूगो ओब्वेगेसरने अख्खा वरचा जबडा मोकळा करून हवा तिथे बसवायची पद्धत रुळवली. आता ही रेषा नाकाच्या तळातून जाते हे लक्षात घ्या. वरच्या जबड्याचं छत म्हणजेच नाकाची जमीन. जमीन हलवली तर वरचं काहीच हलणार नाही असं कसं होईल.

नाकपुड्या रुंद का होतात

बहुतेकांना वाटतं हाड पुढे आलं म्हणून नाक रुंद झालं. ते अर्धंच खरं आहे. वरच्या ओठाच्या आत, ओठ आणि हिरडी जिथे मिळतात त्या खाचेत एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत चीर देतात, मग हाडावरचं पातळ आवरण आणि त्याला चिकटलेले स्नायू हाडापासून सोडवून वर सरकवतात, तेव्हा कुठे हाड दिसतं. या सोडवण्यात नाकपुडीच्या बुडाला मध्याकडे धरून ठेवणारे बारीक स्नायूही सुटतात. गालाकडे ओढणारे स्नायू मात्र आपापल्या जागी शाबूत. मग काय, एका बाजूने कोणी धरलेलंच नाही म्हटल्यावर नाकपुड्या बाहेर सरकतात आणि जखम भरताना तशाच तिथे चिकटतात. म्हणजे हाड समजा जागचं हललंच नाही, नुसती चीर देऊन बंद केलं, तरी थोडी रुंदी वाढणारच. त्यात वर सुजेचा भाग, त्यात हाड पुढे किंवा वर गेल्याचा भाग. सगळं मिळून साधारण २ ते ३ मिलिमीटरची वाढ अगदी कॉमन आहे. ऐकायला किरकोळ वाटतं पण चेहऱ्याच्या मधोमध ३ मिलिमीटर म्हणजे आईला लगेच दिसतात.

हाड कुठे जातंय त्यावर बाकीचं ठरतं. पुढे आणलं तर नाकपुड्या रुंद आणि नाकाचा शेंडा थोडा पुढे आणि वर. वरचा ओठ हाडाच्या निम्म्याहून जास्त पुढे येतो, शेंडा त्या मानाने खूपच कमी. ज्यांचा मधला चेहरा बसका आहे त्यांना हे चांगलंच दिसतं, नाकाच्या दोन्ही बाजूचे खड्डे भरतात, नाकाला आधार मिळतो, नाकाचा उंचवटाही कमी वाटतो. वर उचललं, म्हणजे हसताना हिरड्या फार दिसतात त्यांच्यासाठी करतात ते, तर नाकपुड्या सगळ्यात जास्त रुंदावतात आणि शेंडा वर जातो, समोरून नाकाची भोकं आधीपेक्षा जास्त दिसायला लागतात. ज्यांचं नाक मुळातच आखूड आणि वर वळलेलं आहे त्यांनी इथे फार सावध राहायचं. खाली आणलं तर शेंडा किंचित झुकतो. आणि मागे घेतलं, ए-एम-ओ मध्ये घेतात तसं, तर ओठ मागे जातो, नाक आणि ओठ यांच्यातला कोन मोठा होतो आणि नाक आहे तेवढंच असून जास्त पुढे आल्यासारखं दिसतं. दात पुढे आहेत पण ओठनाकाचा कोन आधीच मोठा आहे अशा चेहऱ्याला ए-एम-ओ सरसकट सांगणं मला तरी पटत नाही. सेकंड ओपिनियन घ्या.

घोरताना झोपेत श्वास अडकतो म्हणून, म्हणजे स्लीप अॅप्नियासाठी दोन्ही जबडे पुढे आणतात त्यांचं गणित वेगळं, तिथे हाड १० मिलिमीटरच्या आसपास पुढे येतं, नाकातला बदल ठसठशीत असतो आणि तो धरूनच चालायचं असतं कारण मुद्दा श्वासाचा आहे. आणि सगळ्यांनाच रुंदी वाईट असं पण नाही, ज्यांचं नाक चिमटीत धरल्यासारखं अरुंद आहे त्यांना थोडी रुंदी आली तर दिसायला पण बरं आणि हवा पण मोकळी.

ऑपरेशनच्या आधी घरी करायचं काम

फोटो. क्लिनिकमध्ये काढतात ते काढतातच, पण तुमचे स्वतःचे पण हवेत. सेल्फी अजिबात नको. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात गणित मांडून दाखवलंय, त्यामुळे आधीचा लांबून काढलेला फोटो आणि नंतरची सेल्फी शेजारी ठेवून रडणाऱ्यांना मी आधी फोन खाली ठेवायला सांगते. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दुसऱ्या कोणाला तरी पाचसहा फुटांवर उभं करा, थोडा झूम, फोन तुमच्या नाकाच्या उंचीला, फ्लॅश बंद आणि खिडकीचा उजेड समोरून. समोरून एक ओठ सैल सोडून, एक हसून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरके, आणि एक मान मागे टाकून खालून, ज्यात नाकाची दोन्ही भोकं आणि मधला पडदा नीट दिसेल. हा खालचा फोटो सगळे विसरतात आणि नेमका तोच सगळ्यात कामाचा. भोकं आधीपासूनच लहानमोठी होती का, पडदा आधीच एका बाजूला होता का, हे नंतर भांडण व्हायच्या आधी त्यात दिसून जातं. आधी कोणीच स्वतःचं नाक खालून बघितलेलं नसतं हो.

मोजायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा व्हर्निअर कॅलिपर चालेल, नाकपुड्यांच्या सगळ्यात बाहेरच्या टोकांना नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, तीनदा मोजून मधला आकडा वहीत तारखेसकट. सर्जनकडे मोजतातच पण तुमच्याकडे आकडा असला की बोलणं मुद्द्याचं होतं.

श्वासाचं पण आत्ताच तपासून घ्या. एक नाकपुडी बोटाने हलकेच बंद करून दुसरीतून श्वास, मग उलट. एक बाजू कायम चोंदलेली असेल, सर्दी नसताना तोंड उघडं ठेवून झोपायची सवय असेल, आधी कोणी नाकाचं हाड वाढलंय म्हणून सांगितलं असेल तर सर्जनला सांगा आणि ईएनटीला दाखवून या. कारण वरचा जबडा वर उचलताना मधल्या पडद्याला तेवढी जागा करून द्यावी लागते, त्याच्या खालचा भाग कापून किंवा हाडात खोबण करून. ती दिली नाही तर पडदा एका बाजूला वाकतो, मग शेंडा पण तिरका आणि श्वास पण चोंदलेला. आणि पडदा आधीच तिरका असेल तर त्याच वेळी थोडा सरळ करता येतो, नाकातल्या सुजलेल्या गाद्या कमी करता येतात, पण हे आधी ठरलेलं असेल तरच, टेबलावर आयत्या वेळी नाही.

चमकी किंवा नथीचा दागिना आदल्या दिवशी घरीच काढून ठेवा. भूल द्यायची नळी नाकातून घालतात. वर्षानुवर्षं न काढलेली चमकी असेल तर आठवडाभर आधी सोनाराकडून सैल करून घ्या, ऑपरेशनच्या सकाळी पक्कड घेऊन झटापट नको.

सर्जनला काय विचारायचं

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, नाकपुड्यांसाठी सिंच टाका घेणार का. १९८२ मध्ये कॉलिन्स आणि एप्कर यांनी हा टाका वरच्या जबड्याच्या ऑपरेशनसाठी सांगितला आणि तेव्हापासून त्याचे बरेच प्रकार झालेत. आयडिया सोपी आहे. हाड प्लेट-स्क्रूने पक्कं झालं, चीर अजून उघडीच आहे, तेव्हा सर्जन बाहेरून नाकपुडीच्या बुडाशी बोट ठेवून आत कुठला भाग ओढला की ती हलते ते शोधतो, त्या स्नायूतंतूंच्या गोळ्यात सुई घालतो, तसंच दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचा दोरा मध्ये आणून पायजम्याच्या नाडीसारखा आवळून गाठ मारतो. काहीजण दोरा नाकाच्या बुडाशी मध्ये हाडाचं जे टोक असतं त्याला भोक पाडून त्यातून घेतात म्हणजे ओढ एका बाजूला जात नाही. गाठ मारायच्या आधी कॅलिपरने मोजून आधीच्या आकड्याशी जुळवतात.

आता यात गोम अशी की मोजताना नाकात भुलीची नळी असते, ती नाक एका बाजूला ओढून ताणून ठेवते, सूज पण यायला लागलेली असते, त्यामुळे अंदाज चुकू शकतो. म्हणून काही सर्जन टाक्याच्या वेळी नळी नाकातून काढून तोंडातून किंवा हनुवटीखालून घेतात. सगळीकडे हे करत नाहीत, करायलाच पाहिजे असंही नाही, पण तुम्ही विचारा, तुम्ही नळी असताना नाक कसं मोजता. या प्रश्नाला सर्जनने खुर्ची पुढे ओढून उत्तर दिलं तर माणूस नाकाचा विचार करणारा आहे असं समजा.

टाका म्हणजे गॅरंटी नव्हे. तो पुढच्या काही महिन्यांत थोडा सैल पडतोच, म्हणून हळू विरघळणारा किंवा न विरघळणारा दोरा वापरतात. उलट फार आवळला तर नाक चिमटल्यासारखं, ओठ सपाट, हसताना ओढल्यासारखं. त्यामुळे घट्ट आवळा हं डॉक्टर असं सांगायला जाऊ नका.

दुसरं, ओठाचं काय. आतली चीर सरळ आडवी शिवली तर वरचा ओठ आत वळतो आणि पातळ दिसतो, लालसर भाग कमी दिसतो. त्यावर मधला साधारण सेंटीमीटरभर भाग उभा शिवून घेतात, इंग्रजी वाय अक्षरासारखी शिवण होते, त्याला व्ही-वाय म्हणतात. आधीच पातळ ओठ असणाऱ्यांनी हे विचारलंच पाहिजे.

तिसरं, मगाशी म्हटलं ते हाडाचं टोक आणि नाकाच्या खिडकीची, म्हणजे हाडात नाकासाठी जे भोक असतं त्याची, कड तासणार का. जबडा पुढे किंवा वर जाताना ते टोक शेंड्याला वर ढकलतं, थोडं तासलं तर शेंडा फार वर जात नाही. ज्यांचा शेंडा खाली वाकलेला आहे त्यांचं मात्र ते टोक ठेवलेलं बरं, आयता आधार मिळतो. म्हणजे एकच नियम सगळ्यांना नाही, तुमच्या चेहऱ्याला काय ते त्यांच्या तोंडून ऐका.

कॉम्प्युटरवर ऑपरेशननंतरचा चेहरा दाखवतात त्याबद्दल एक सांगते. हाड कुठे बसेल ते आता फार नेमकं ठरवता येतं. पण वरची कातडी, त्यातही नाक आणि ओठ, हा सॉफ्टवेअरचा सगळ्यात कच्चा भाग. हनुवटीचा अंदाज बऱ्यापैकी जुळतो, नाकपुड्यांचा नाही. तो फोटो घरी नेऊन नातेवाइकांना हेच होणार म्हणून दाखवू नका.

दुभंगलेल्या ओठ-टाळूची लहानपणी ऑपरेशनं झालेल्यांचं वरचं सगळं थोडं बाजूला ठेवा. ओठावर व्रण असतो, तो ताणत नाही, नाकपुडी एका बाजूला बसलेली असते, पडदा तिरका असतो. हाड पुढे आलं तरी ओठ आणि नाक इतरांसारखं साथ देत नाही. तिथे जबडा म्हणजे पाया, नाकाचं वेगळं ऑपरेशन नंतर, असाच क्रम असतो. आणि टाळू मागून कमी पडून आवाज नाकातून यायची शक्यता असते, त्यामुळे स्पीच थेरपिस्टकडून आधी तपासणी करून घ्या.

ऑपरेशननंतर

पहिले दोनतीन दिवस सूज वाढतच जाते, घाबरायचं नाही. डोकं उंच ठेवून झोपा, दोन उशा. पहिल्या दिवसदीड दिवसात बर्फ, कपड्यात गुंडाळून, कारण गाल, वरचा ओठ, नाकाची बाजू हे सगळं बधिर असतं आणि बर्फाने भाजलेलं कळत नाही. हीच गोष्ट वाफेची. नाक चोंदलं की आपल्याकडे लगेच पातेलं, टॉवेल आणि बाम निघतो. बधिर चेहऱ्याने वाफ घेतली तर भाजेल आणि समजणार पण नाही. सर्जनने सांगितल्याशिवाय वाफ नको. सलाइनचा स्प्रे दिवसातून चारपाच वेळा, भोकाच्या कडेची सुकलेली खपली ओल्या कापसाच्या काडीने फक्त दिसेल तेवढीच. ओट्रिविनसारखे थेंब डॉक्टरांनी दिले तर तेवढेच दिवस, स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे घातले तर नाक उलट जास्त चोंदायला लागतं.

नाक शिंकरायचं नाही, कमीत कमी २ आठवडे, बरेच सर्जन त्याहून जास्त सांगतात. शिंकरलं की कापलेल्या हाडाच्या फटीतून हवा गालाच्या कातडीखाली शिरते, गाल एकदम फुगतो आणि दाबला की चुरचुरतो. असं झालं तर लगेच फोन करा. शिंक आली तर दाबायची नाही, दातांना लावलेली इलॅस्टिक जेवढं उघडू देतील तेवढं तोंड उघडून शिंका. सुरुवातीला नाकातून गुलाबी पाणी, जुनं काळसर रक्त येतं, ते चालतं. पण ताजं लाल रक्त धारेने आलं, आणि हे दहाबारा दिवसांनी सगळं छान चाललेलं असताना पण होऊ शकतं, तर सकाळची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा.

सिगारेट, गुटखा, मावा, मिश्री सगळं बंद. हे सांगायची गरज पडू नये पण पडते. आतली शिवण उसवली तर ओठाचा आकार पण जातो.

वरच्या ओठाला, नाकाला बाहेरून मसाज करत बसू नका, टाका सैल पडेल म्हणून. ओठाचे व्यायाम कधी सुरू करायचे ते सर्जन सांगेल. बधिरपणा आठवड्या-महिन्यांत हळूहळू जातो, मुंग्या येणं, टोचल्यासारखं होणं म्हणजे नस जागी होतेय. नथीचं विचारतात बऱ्याच जणी. छिद्रातली चमकी सर्जनने हो म्हटल्यावर, पण दाबाची नथ मात्र सूज पूर्ण उतरून संवेदना परत येईपर्यंत नको, बधिर नाकपुडीला ती किती रुततेय ते कळत नाही. लग्नाची तारीख धरून ऑपरेशन लावत असाल तर मध्ये सहा महिने तरी ठेवा, जमलं तर जास्त.

नाकाचा निकाल कधी लावायचा

पहिल्या महिन्यात तर अजिबात नाही. मोठी सूज तीनचार आठवड्यांत जाते पण नाकाच्या बुडाची आणि ओठाची शेवटची सूज सहा महिने ते वर्ष रेंगाळते. दर महिन्याला त्याच जागी, त्याच अंतरावरून आधीसारखेच फोटो काढा आणि रोज आरशात बघणं बंद करा. खरं तर घरच्यांना सांगायला हवं, रोज सकाळी अगं आज नाक थोडं बारीक वाटतंय ही कॉमेंट्री नको.

सहा महिने ते वर्षानंतरही रुंदी किंवा तिरकेपणा खुपत असेल तर मार्ग आहेत. नाकपुडीचं बूड कमी करणं हे छोटं काम, पडदा किंवा शेंडा असेल तर पूर्ण ऱ्हायनोप्लास्टी, म्हणजे नाकाचं मोठं ऑपरेशन. जबडा आणि नाक दोन्ही एकाच भुलीत करा असं काहीजण मागतात, निवडक केसमध्ये करतातही, पण पाया हलल्यावर नाक कुठे बसतंय ते बघून मगच हात लावावा या मताची मी आहे, आणि अर्ध्या लोकांना तोपर्यंत गरजच वाटत नाही.

त्यासाठी एक काम डिस्चार्जच्या वेळीच करून ठेवा, ऑपरेशन नोट्सची कॉपी मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, नोट्स. पुढे नाकाचं ऑपरेशन करणारा सर्जन दुसराच असतो, आणि त्याला शेंड्याला आधार द्यायला कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, लागली तर ती बहुतेक वेळा मधल्या पडद्यातूनच घ्यायची असते. पडदा किती कापलाय, सिंचचा दोरा विरघळणारा होता की तसाच आत आहे, हाडाचं टोक ठेवलंय की तासलंय, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. स्कॅनची सीडी, ते खालून काढलेले फोटो आणि या नोट्स एकाच फोल्डरमध्ये ठेवा.